करंगळीचे सात टक्के

हाताची करंगळी मुळापासून तुटली, तर माणसाची कमाईची ताकद सात टक्क्यांनी घटते, असं आपला कायदा धरून चालतो. अनामिकेलाही तेवढेच सात. मधल्या बोटाला १२, तर्जनीला १४, अंगठ्याला ३०. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, चारही गेली तर ५०. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेला हा तक्ता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पुढे चालू ठेवला. ब्रिटनमधल्या औद्योगिक दुखापतींच्या तक्त्यात बोटांसमोर हेच आकडे आहेत. हात उजवा की डावा, हे तक्ता विचारत नाही. त्या हाताने माणूस कोणतं काम करत होता, हेही विचारत नाही.

बीड जिल्ह्यातले लाखो हात दसरा-दिवाळीच्या सुमाराला एकाच कामाला, ऊसतोडीला, निघतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतून टोळ्या गाड्यांत बसतात आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूरच्या फडांवर, काही सीमेपलीकडे कर्नाटकातही उतरतात. हिशेब माणशी नसतो, कोयत्यावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि टनावारी तोडून ती फेडायची असते. दिवाळी अंक घरोघरी वाचले जातात तेव्हा बीडच्या कितीतरी घरांना कुलूप असतं.

हे काम हात कसं करतो ते बघा. डाव्या हाताने ऊस धरायचा, उजव्या हातातला कोयता बुडाशी मारायचा. मग वाढं छाटायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कोयत्याच्या वाटेतच असतात. पहाटेच्या थंडीत, दवाने ओल्या उसावर पातं घसरलं की घाव तिथेच बसतो. उजव्या हाताचं दुखणं वेगळं. कोयत्याची मूठ तळहातात घट्ट आवळून धरतात ती प्रामुख्याने करंगळी आणि अनामिका. अंगठा आणि तर्जनी दिशा देतात. जॉन नेपियर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते, जोराची पकड आणि नेमकेपणाची पकड. सुई ओवणं हे दुसऱ्या प्रकारातलं, कोयता, कुऱ्हाड, नांगराची मूठ पहिल्या प्रकारातली. कॅनडात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांची पकड मोजली गेली, आधी सगळ्या बोटांनिशी आणि मग करंगळी व अनामिका बाजूला ठेवून. ही दोन बोटं वगळल्यावर पकडीचा जोर सरासरी निम्म्याहून अधिक घटला. एकट्या करंगळीमुळे पडलेला फरक जवळपास एक तृतीयांश होता.

एक तृतीयांश जोर, आणि किंमत सात टक्के.

तक्ता सगळ्या धंद्यांना एकच माप लावतो, त्यामुळे कुठेतरी चुकणारच, असं कोणी म्हणेल. पण तो नेमका जोराने मूठ आवळणाऱ्यांच्या बाबतीत चुकतो. कारकुनाच्या करंगळीला कदाचित सात टक्केही जास्त होतील. तोडणाऱ्याच्या करंगळीला ते फारच थोडे आहेत. शिवाय हे सातही पदरात पडायचे तर मालक कोण, हे आधी ठरावं लागतं. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारं कलम १९२३ च्या कायद्यातच होतं. ते वापरायला मात्र वकील लागतो आणि वकिलाला वेळ लागतो.

कायद्याचं राहू द्या. वैद्यकातले संशोधक तरी हात कशाने मोजतात? हाताच्या शस्त्रक्रियेवरच्या आजच्या बहुतेक चाचण्यांत अखेरचा निकाल प्रश्नावलीवर ठरतो. सर्वांत जास्त वापरली जाणारी ‘डॅश’ ही तीस प्रश्नांची यादी १९९६ मध्ये उत्तर अमेरिकेत तयार झाली. बरणीचं घट्ट झाकण उघडता येतं का, उंचावरचा दिवा बदलता येतो का, सुरीने अन्न कापता येतं का, असे तिचे प्रश्न. ताकदीच्या छंदांची उदाहरणं देताना गोल्फ आणि टेनिस येतात. मनगटासाठी वेगळी यादी आहे. तिच्यात दुखऱ्या हाताने मांस कापणं आणि शौचाला कागद वापरणं आहे. प्रश्नावल्या वाईट नाहीत. एक्स-रेत हाड सरळ दिसतं म्हणून रुग्ण बरा, या जुन्या समजुतीतून त्यांनीच शल्यविशारदांना बाहेर काढलं. पण धारूरच्या बाईला भाकरी थापता येते का, म्हशीची धार काढता येते का, मोळी आवळता येते का, हे त्यांत नाही. सगळ्या उत्तरांत तिला चांगले गुण मिळतील आणि तरी तिचा कोयता अर्धाच राहील.

हे नवं नाही. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शाबूत स्नायूचा कंडरा काढून लुळ्या बोटाला जोडायचा, की बोट पुन्हा उघडतं. शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या. पण बऱ्या झालेल्या हातांनिशी परत आलेला एक रुग्ण ब्रँडना म्हणाला, की या हातांना आता कोणी भीक घालत नाही आणि कुष्ठरोगी म्हणून कामही कोणी देत नाही. त्यानंतर ब्रँडनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात कामं शिकवणारी छोटी वसाहतच उभी केली. हाताच्या शस्त्रक्रियेचा निकाल पोटावर मोजायचा असतो, हा धडा या देशात तेव्हाच मिळाला होता.

महाराष्ट्राची स्वतःची परंपराही मोठी आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांच्या हातांवर आयुष्यातली कित्येक वर्षं घालवली. मुंबईचेच डॉ. बी. बी. जोशी यांचं नाव जगभरचे हातांचे शल्यविशारद दोन गोष्टींसाठी घेतात. बोटाचा गर उडाला, तर त्याच बोटाच्या पाठीकडची त्वचा मज्जातंतूसह सरकवून टोकाला लावायची, म्हणजे टोकाला स्पर्श परत येतो, ही पद्धत त्यांनी १९७४ मध्ये मांडली. दुसरी गोष्ट ‘जेस’: तारा, बारीक सळ्या आणि जोडकड्या यांची बाहेरून बसवायची चौकट. चुरा झालेलं हाड तिने धरून ठेवता येतं आणि आखडलेला सांधा रोज थोडा थोडा ताणता येतो. स्वस्त, इथेच बनणारी, लहान रुग्णालयात बसवता येणारी. परदेशी महागड्या चौकटींची वाट न बघता केलेलं हे काम आहे, आणि मला ते आपल्याकडच्या वैद्यकीय कल्पकतेचं फार चांगलं उदाहरण वाटतं.

लहान रुग्णालयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं संशोधन कॅनडातून आलं. बोटात भूल देताना तिच्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळायचं नाही, बोट काळं पडून सडतं, असं डॉक्टरांच्या पिढ्यांना शिकवलं गेलं होतं. डोनाल्ड लालोंड आणि सहकाऱ्यांनी ते तपासायचं ठरवलं. सहा शहरांतल्या नऊ शल्यविशारदांनी ओळीने ३,११० रुग्णांच्या हाताबोटांत सौम्य अ‍ॅड्रेनलिनची भूल दिली. एकाचंही बोट सडलं नाही. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पूर्वी बोटं सडत ती जुन्या, आम्ल झालेल्या प्रोकेन या भुलीच्या औषधामुळे, असा उलगडाही पुढे झाला. अ‍ॅड्रेनलिनने रक्तस्राव थांबतो, त्यामुळे दंडाला फुगवायचा पट्टा लागत नाही. पट्ट्याची कळ नाही म्हणून पूर्ण भूल नाही, आणि पूर्ण भूल नाही म्हणून भूलतज्ज्ञासाठी खोळंबणं नाही. रुग्ण जागा असतो. तुटलेला कंडरा शिवून झाला की डॉक्टर म्हणतात, ‘बोट वाकवा’, आणि टाका धरतो की सुटतो हे टेबलावरच कळतं. तालुक्याच्या ठिकाणी इतकी उपयोगी पडणारी संशोधनं क्वचितच होतात.

खरी अडचण टाके घातल्यानंतर सुरू होते. बोटाच्या मुळापासून मधल्या पेरापर्यंतचा तळव्याकडचा पट्टा एके काळी शल्यविशारद शिवायलाच धजत नसत. दोन कंडरे एकाच अरुंद नळीतून जातात. शिवले की एकमेकांना चिकटतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत हॅरोल्ड क्लायनर्ट यांनी तिथेही ताबडतोब शिवून, रबराच्या ताणावर बोट लगेच हलवून दाखवलं. तेव्हापासून नियम ठरला: शिवा, आणि पहिल्या आठवड्यातच मोजून-मापून हलवायला लावा. नुसतं प्लॅस्टरमध्ये ठेवलं तर चिकटतं, जास्त जोर लावला तर तुटतं. सहा आठवडे पट्टी, व्यायाम रोज दिवसातून अनेकदा, आणि जड काम साधारण बारा आठवड्यांनंतर.

बारा आठवडे. गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा. नोव्हेंबरात कंडरा तुटला तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत कोयता धरायचा नाही. जोडीतला एक बसला की कोयता मोडतो, दुसऱ्याचीही मजुरी अर्धी होते, उचल मात्र पूर्ण उभी राहते आणि पुढच्या हंगामावर चढते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो. या बारा आठवड्यांचा नाही. शस्त्रक्रिया सांगली-कराडकडे झालेली, टोळी पुढच्या फडावर गेलेली, घर वडवणीला. व्यायाम कोण करून घेणार? मग चौथ्या आठवड्यात पट्टी सोडून माणूस फडात उतरतो. डॉक्टर कागदावर ‘रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत’ असं लिहितात. रुग्णाच्या बाजूने कागदावर काही लिहिलं जात नाही.

मनगटाचंही तसंच. पडताना हात टेकला की मनगटाजवळ मोडणारं हाड अब्राहम कोलिस या आयरिश डॉक्टरने १८१४ मध्ये वर्णिलं. ते जागेवर बसवून नुसतं प्लॅस्टर घालायचं की तारा घालायच्या, यावर ब्रिटनमध्ये ५०० प्रौढांवर झालेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षअखेरीस दोन्ही गटांची मनगटं सारखीच चालत होती. मात्र प्लॅस्टरच्या गटातल्या १३ टक्के लोकांचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. तिथला निष्कर्ष असा, की प्लॅस्टरने सुरुवात करा, सरकलं तर बघू. ‘बघू’ म्हणायला रुग्ण पुन्हा एक्स-रेला यायला हवा. टोळीबरोबर निघालेली बाई येईलच असं नाही. तारा घातल्या तर त्या काढायलाही तिला यावंच लागतं. म्हणून हा निकाल इकडे वापरताना पहिला प्रश्न हाडाचा नसावा; ‘पुढचे दोन महिने तुम्ही कुठे असणार?’ हा असावा.

आणि बोट तुटून पडलंच तर काय करायचं, हे प्रत्येक मुकादमाला आणि ट्रॅक्टरवाल्याला माहीत हवं. कडबाकुट्टी किंवा मळणी यंत्र असलेल्या घरालाही. जखमेवर हळद, चुना, तंबाखू काही नको. स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा. सुतळीने करकचून बांधू नका. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये. गोठलेलं बोट जोडता येत नाही. थंड ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडलं जाऊ शकतं. पंजा किंवा मनगट तुटलं तर मात्र वेळ फार कमी, कारण स्नायू लवकर मरतात.

मग तोडणाऱ्यांचे हात मोजायचे कुठे? बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याची ओळख सांगतात. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंधासाठी विषय शोधतात. कोयता, मोळी, भाकरी, धार यांची एक मराठी प्रश्नावली आणि पकड मोजायचं एक साधं यंत्र, एवढ्यावर एक चांगला प्रबंध होतो. बीडमध्ये अशी मोजणी होऊ शकते, याचा दाखला आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आकडा समोर आला म्हणून सरकारला हलावं लागलं. त्याच वर्षी ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळाची घोषणा झाली. महामंडळाने आणि अंबाजोगाईच्या महाविद्यालयाने मिळून पाडव्याच्या आसपास टोळ्या परततील तेव्हा आशाताईंमार्फत गावोगाव हात मोजावेत: कोणतं बोट गेलं, कोणतं वाकत नाही, कुठल्या फडावर, किती दिवस घरी बसावं लागलं. हा आकडा हाती आला, तर करंगळीचे सात टक्के बदलून मागता येतील.