आधी मुरतं, मग भाजतं

व्हिएतनाममधल्या हनोईत जेवणाची वेळ झाल्याची वर्दी धूर देतो. फुटपाथवर लांबट शेगडी, तिच्यात कोळशाचे निखारे, तारेच्या जाळीत दाबलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप नि खिम्याच्या चपट्या टिकिया, आणि शेजारी पंख्याने वारा घालणारं कुणीतरी. पदार्थाचं नाव 'बून चा'. आपल्या गावाकडच्या 'चा'शी याचं काही नातं नाही. बून म्हणजे तांदळाच्या शेवया आणि चा म्हणजे भाजलेलं मांस. मे २०१६मध्ये बराक ओबामा आणि शेफ अँथनी बोर्डेन हनोईत प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून हेच जेवले. दोघांचं मिळून बिल झालं ६ डॉलर.

मला मात्र नवल वाटतं त्या कापांच्या रंगाचं. निखाऱ्यावर जेमतेम काही मिनिटं, आणि तेवढ्यात कडा काळसर, मध्ये गुळाच्या पाकासारखा तांबूसपणा! थोडं श्रेय आधीच करपवून घातलेल्या साखरेच्या पाकाचं. पण खरी किमया आहे बाटलीतल्या 'नुअक माम'ची.

आपल्या मांदेलीच्या कुळातले छोटे अँकोव्ही मासे साधारण तीन भाग आणि मीठ एक भाग, असं मिश्रण लाकडी पिंपात भरायचं नि वर्षभर विसरून जायचं. फू क्वॉक बेट त्यासाठीच प्रसिद्ध. एवढ्या मिठात मासे कुजवणाऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही. मात्र माशांच्या आतड्यातली पाचक द्रव्यं काम सोडत नाहीत, ती मेलेल्या माशालाच पचवत राहतात. प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटतात, अमिनो आम्लं मोकळी होतात. खाली गळतो तो तांबूस रस म्हणजे नुअक माम.

आता १९१२ सालाकडे वळू. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्या वर्षी दाखवलं, की अमिनो आम्लं आणि काही साखरा एकत्र तापवल्या की तपकिरी रंग धरतो. भाकरीचे डाग, भाजलेल्या कॉफीचा वास, सगळी त्याच अभिक्रियेची लेकरं. कच्च्या मांसात बहुतेक अमिनो आम्लं साखळ्यांत अडकलेली असतात. नुअक माम घातलेल्या मुरवणात मात्र ती मोकळीच हजर, आणि सोबतीला मध किंवा साखर. पिंपाने वर्षभर केलेली तोडफोड निखारा चुटकीसरशी वसूल करतो.

अट एकच, पृष्ठभागावरचं पाणी आधी उडायला हवं. ते आहे तोवर तापमान १०० अंशांपुढे फारसं चढत नाही आणि मांस नुसतं शिजत बसतं. म्हणून काप पातळ आणि निखारा पंख्याने फुललेला. 'रात्रभर मुरवा' या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. मीठ हळूहळू आत शिरतं खरं, पण लसणीचा, कांद्याचा, गवती चहाचा गंध बहुतांशी वरच्या थरातच राहतो. जाड तुकडा रात्रभर ठेवण्यापेक्षा सुरी धारदार असलेली बरी.

वितळलेली चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर परत मांसाला चिकटतो. मग ते गरम काप थेट वाडग्यात पडतात, आणि वाडग्यात पुन्हा नुअक माम, या वेळी पाणी, साखर, व्हिनेगर नि कच्च्या पपईच्या चकत्यांसह.

सोबतचे बूनही पारंपरिक पद्धतीत किंचित आंबवलेल्या तांदळाचे. कोकणातल्या शिरवळ्यांचे हे चुलतभाऊ. फक्त आपण पीठ आधी उकडून मग साच्यातून दाबतो, तिथे साच्यातून थेट उकळत्या पाण्यात सोडतात.

मासळीचा मामला नाजूक. तिचं मांस लवकर शिजतं, त्याचा लवकर भुगाही होतो. हनोईच्या 'चा का'मध्ये माशाचे तुकडे हळद, आल्याच्या कुळातलं कोळिंजन आणि आंबवलेल्या भाताची आंबट पेज यांत थोडा वेळ ठेवतात. हा पदार्थ इतका गाजला की जुन्या हांग सन रस्त्याचं नावच 'चा का' पडलं. तुकडे आधी निखाऱ्यावर भाजतात, मग टेबलावरच्या तव्यात तेलात परततात, आणि वरून पडतो मूठ-मूठ शेपू! हो, तोच, ज्याचं नाव काढताच आपल्याकडे अर्धी पंगत नाक मुरडते. हळदीच्या तेलात तो क्षणात मलूल होतो आणि त्याचा उग्रपणा गोडसर वासात उतरतो.

बाजूच्या वाटीत असतो आंबवलेल्या जवळ्याचा जांभळट लगदा. वास असा की नवखा माणूस खुर्ची मागे सरकवेल. त्यात लिंबू पिळून, थोडं गरम तेल घालून चमच्याने घोटलं, की तो फसफसून वर येतो.