मेदपेशीचे दरवाजे आणि सडपातळ मधुमेही

मेद म्हणजे शरीरातील अडगळ, अशी समजूत आपण डॉक्टर मंडळीही मनातल्या मनात बाळगून असतो. 'वजन कमी करा' हा सल्ला आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, मुळातच बेताच्या वजनाचा मधुमेही समोर बसला म्हणजे आपली पंचाईत होते. उज्जैनच्या मराठी घरांतून असे रुग्ण मला वर्षानुवर्षे भेटत आले आहेत. हातपाय काटकुळे, वजन साठ किलोच्या आत, पोट मात्र किंचित पुढे आलेले आणि उपाशीपोटी साखर दोनशेच्या घरात. "डॉक्टरसाहेब, आमच्यात कोणी जाडे नाही, मग हे आले कुठून?" हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. पोहे-जिलबी आणि दाल-बाफले यांच्यावर खापर फोडून तो सुटत नाही.

या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला तो पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. स्नायूंत आपली बाळे फार मागे होती, त्वचेखालील मेदात तितकी नव्हती.

मग हा मेद नेमके करतो काय? येथे आयन चॅनेलचा विषय येतो. वैद्यकेतर वाचकांसाठी सांगतो, चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातील प्रथिनाचा दरवाजा. त्यातून विद्युत्भारित कण ये-जा करतात. आपली जुनी ग्लायबेनक्लामाइडची गोळी स्वादुपिंडातील असाच एक दरवाजा बंद करून इन्सुलिन पाझरवते. मेदपेशीलाही असे दरवाजे आहेत. त्यांपैकी 'स्वेल-१' हे प्रथिन पेशी फुगल्याची जाणीव ठेवते. ते २०१४ साली ओळखले गेले. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. राजन साह व सहकाऱ्यांनी दाखवले की, लठ्ठपणात फुगलेल्या मेदपेशींत, उंदरांच्या तशाच माणसांच्याही, या चॅनेलचा प्रवाह वाढलेला असतो. शिवाय हेच प्रथिन इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचविण्यास हातभार लावते.

खरी गंमत पुढे आहे. उंदरांच्या मेदपेशींतून स्वेल-१ काढून टाकल्यावर त्यांचा मेद घटला, पेशी लहान झाल्या. साखर मात्र बिघडली. उंदीर बारीक झाला आणि मधुमेहाच्या अधिक जवळ गेला! सर्वच दरवाजे असे वागतात असे नाही. टीआरपीव्ही-४ नावाचे चॅनेल नसलेले उंदीर लठ्ठपणापासून आणि इन्सुलिनच्या प्रतिरोधापासूनही बचावले, हे २०१२ मध्ये दिसले होते.

व्यवसायबंधूंना हे तितकेसे परके वाटू नये. लायपोडिस्ट्रॉफीत मेद जवळजवळ नसतो, तरी मधुमेह उग्र असतो. पायोग्लिटाझोनने वजन वाढते, साखर मात्र सुधारते. मेदपेशी हे धान्याचे कोठार मानले, तर कोठार भरण्यापेक्षा कोठारात न मावलेले धान्य यकृतात आणि स्नायूंत सांडणे अधिक घातक. आपल्या सडपातळ मधुमेह्याचे कोठारच अपुरे असावे, असे मला वाटते. पुण्याची बाळे आणि आयोवाचे उंदीर यांना जोडणारा हा सांधा माझा आहे, प्रयोगशाळेचा नव्हे.

स्वेल-१ला बळ देणाऱ्या एसएन-४०१ या रेणूने मधुमेही उंदरांची साखर आणि यकृतातील मेद दोन्ही सुधारल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांवरचे यश आपण पुष्कळ पाहिले आहे, तेव्हा घाई नको.

तोवर माझ्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारी मोजपट्टी असते. आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ ला सावध व्हावे. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी. घराण्यात मधुमेह असेल, तर सडपातळ मुलासुनांचीही साखर मी तिशीतच तपासतो. त्यांना मी वजन घटवायला सांगत नाही, स्नायू कमवायला सांगतो. कोठी रोडवरचे सकाळचे फिरणे उत्तमच, पण घरी आल्यावर चार जोर-बैठकाही हव्यात.