कॅमेरा घेताय? खोक्यावरचे मेगापिक्सेल सोडा, लेन्सवरचे आकडे वाचा

सुट्टी जवळ आली की घराघरांत एक विषय निघतोच. आंबोलीला जायचं, गोव्याला समुद्रावर जायचं, जत्रेला बडोद्याहून, इंदूरहून पाहुणे यायचे. मग फोटोसाठी एखादा साधा, खिशात मावणारा कॅमेरा घ्यावा का? मोबाईल तर सगळ्यांकडे आहेच. पण पावसात तो बाहेर काढवत नाही, लहान पोराच्या हातात द्यायला जीव होत नाही आणि लांबचा फोटो काढला की नुसते ठिपके दिसतात.

प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की आज या बाजारात चांगला माल कमी आणि फसवा माल जास्त झाला आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक खिशातले कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये कॉम्पॅक्टचा आकडा २० लाखांच्याही आत आला. कॅसिओने तर २०१८ साली हा धंदाच सोडला. नावाजलेल्या कंपन्या मागे सरल्या आणि रिकाम्या जागेत बिननावाचे कॅमेरे घुसले. ‘६४ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम, फोर-के’ असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत आणि किंमत चार-पाच हजार. माणूस भुलणारच की!

मेगापिक्सेल किती पुरतात?

हा हिशोब घरी बसून करता येतो. आपण अल्बमात लावतो तो फोटो ४ बाय ६ इंचांचा. उत्तम छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, अर्थात साधारण २२ लाख ठिपके. दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल, म्हणून या फोटोला दोनच्या थोडे वर मेगापिक्सेल पुरले. ए-फोर कागदाएवढा मोठा फोटो काढला तरी नऊच्या आतच काम भागतं. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा घरासाठी भरपूर झाला.

मग ६४ चा आकडा येतो कुठून? स्वस्त कॅमेऱ्यात मुळात कमी ठिपके टिपले जातात आणि मधल्या जागा अंदाजाने भरून आकडा फुगवला जातो. ताकात पाणी घालून घागर भरल्यासारखं हे आहे. घागर मोठी दिसते, ताक तेवढंच राहतं.

लेन्सच्या कडेला काय लिहिलंय?

कॅमेरा हातात घ्या आणि लेन्सभोवतीची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘४.५-१८.० मिमी’ असे दोन आकडे असतील तर लेन्स आतल्या आत सरकते, म्हणजे झूम खरा आहे. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा. १८ भागिले ४.५ म्हणजे चार पट. हा ऑप्टिकल झूम. एकच आकडा असेल तर झूम नाही, खोक्यावर १६ लिहिलेलं असो की ४०. डिजिटल झूम म्हणजे काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. ते काम घरी मोबाईलवरही होतं, त्याला पैसे कशाला मोजायचे?

त्याच ओळीत पुढे ‘१:२.०-४.९’ असं काहीतरी असतं. यातला पहिला आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. २.० ची लेन्स ४.० च्या लेन्सपेक्षा चौपट उजेड घेते. संध्याकाळी अंगणात किंवा देवघरापुढे फोटो काढताना हा फरक लगेच कळतो.

आणखी एक गोष्ट दुकानदाराला विचारा: ही लेन्स किती रुंद बघते? माहितीपत्रकात ‘३५ मिमीच्या तुलनेत’ म्हणून आकडे दिलेले असतात. तिथला पहिला आकडा २४ ते २८ च्या दरम्यान असावा. आपल्या घरच्या सोप्यात बारा-पंधरा माणसं एका फोटोत बसवायची तर २४-२५ वाला बरा. नाहीतर फोटो काढणाऱ्याला मागे सरत सरत गल्लीत यावं लागतं.

कॅमेऱ्याचा डोळा केवढा?

आत जी चकती उजेड टिपते, तिला सेन्सर म्हणतात. साध्या कॉम्पॅक्टमध्ये ती जेमतेम ६ बाय ४.५ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असते. महाग कॉम्पॅक्टमध्ये ‘१ इंच’ नावाचा सेन्सर येतो. नाव एक इंच असलं तरी प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिमी भरतो, पण क्षेत्रफळ साध्याच्या चौपट. २०१२ साली सोनीच्या आरएक्स १०० ने हा आकार खिशात आणला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आजच्या चांगल्या मोबाईलचा सेन्सर साध्या कॉम्पॅक्टपेक्षा मोठाच असतो. तेव्हा घरात दिव्याखाली, बारशाला, हळदीला फोटो काढायचे एवढंच काम असेल, तर साधा कॉम्पॅक्ट घेऊन फायदा नाही. मोबाईलच सरस ठरेल. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. तिथे छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दहा-बारा फुटांपलीकडे फारसा पोहोचत नाही. पुढच्या माणसाची पाठ उजळते आणि चित्ररथ अंधारात राहतो. अशा वेळी फ्लॅश बंद ठेवा आणि रथावरच्या दिव्यांच्या उजेडावर भिस्त ठेवा.

मग कॉम्पॅक्ट घ्यावा कुणी?

ज्यांचं फिरणं पाण्या-पावसात आहे, त्यांनी जरूर घ्यावा. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आंबोली, जांबोटी, दूधसागर या पट्ट्यात छत्रीलाही दम निघत नाही. अशा ठिकाणी वॉटरप्रूफ कॅमेरा कामाला येतो. ओएम सिस्टीमचा टीजी-७ हे २०२३ चं मॉडेल उदाहरण म्हणून बघा: १५ मीटर खोल पाण्यात चालतो, दोन मीटरवरून पडला तरी टिकेल असा बांधलेला, झूम चार पट आणि मेगापिक्सेल फक्त १२. मजबूत कॅमेरा बनवणाऱ्यांनीही १२ वरच समाधान मानलं, यातच काय ते आलं.

वॉटरप्रूफ असला तरी निगा लागते. बॅटरीच्या झाकणाला रबराची पट्टी असते. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरतं. झाकण ओल्या हातांनी उघडू नका. समुद्रावरून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, नाहीतर मीठ बटणांत बसतं. एसी गाडीतून एकदम दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. म्हणून आधी थोडा वेळ पिशवीतच राहू द्या.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना लांबचं टिपायचं आहे. राजहंसगडावरून खालचं गाव किंवा गोकाकचा धबधबा पलीकडच्या काठावरून काढायला चार-पाच पट झूम पुरतो. दांडेलीच्या झाडावरचा धनेश पाहिजे असेल तर मात्र तीस पट झूमवाला कॅमेराच लागेल. तिथे हात थोडा जरी हलला तरी पक्षी धूसर येतो, म्हणून ‘इमेज स्टॅबिलायझेशन’ आहे याची खात्री करा.

तिसरं गिऱ्हाईक घरातलंच: शाळकरी पोरं आणि आजी-आजोबा. एक बटण, मोठा पडदा आणि हातात घट्ट बसणारी पकड एवढं त्यांना पुरतं. काही कॅमेऱ्यांत हिंदी मेनू असतो, तो आहे का तेही बघा.

कुठून घ्यावा, काय तपासावं?

पूर्वी राज्याराज्यांचे कर वेगळे होते, म्हणून कोल्हापूर स्वस्त की गोवा, अशी चर्चा चालायची. जीएसटी आल्यावर करातला तो फरक संपला. डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि तो देशभर सारखाच आहे. म्हणून सीमा ओलांडून पेट्रोल जाळण्यापेक्षा जवळच्या दुकानातून पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे की कॅमेरा बेंगळुरू-पुण्याला पाठवावा लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा.

जुना घेणार असाल तर चार गोष्टी बघा. चालू-बंद करताना लेन्स न अडखळता आत-बाहेर येते का, बॅटरी फुगलेली नाही ना, तशी नवी बॅटरी बाजारात मिळते का आणि कार्ड कोणतं लागतं. जुने ऑलिंपस आणि फुजी एक्सडी कार्डावर, तर जुने सोनी मेमरी स्टिकवर चालायचे. ती कार्डं आता शोधत हिंडावं लागतं. साधं एसडी कार्ड चालणाराच घ्या. फार जुन्या कॅमेऱ्याला ३२ जीबीच्या वरचं कार्ड चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

फोटो काढून झाल्यावर

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यात तारीख आणि वेळ घाला. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की घड्याळ मागे जातं आणि दहा वर्षांनी फोटो कुठल्या साली काढला यावरून घरात वाद होतात. सहलीवरून आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवा: एक संगणकावर, दुसरे वेगळ्या हार्ड डिस्कवर. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत सहसा बारीक होऊन जाते. पाहण्यापुरती ती ठीक, पण जपायला मूळ फोटोच हवा.

आणि वर्षातून एकदा निवडक पन्नास फोटो छापून घ्या. आपली घरं चार राज्यांत विखुरलेली, सगळी माणसं एकत्र येतात ती जत्रेला नाहीतर लग्नाला. मोबाईल दोन-चार वर्षांत बदलतो, कधी हरवतो आणि त्याबरोबर फोटोही जातात. अल्बम मात्र कपाटात राहतो आणि पुढच्या जत्रेला पाहुण्यांसमोर उघडता येतो.