ओळख पोटाकडच्या कवचात

अमेरिकेच्या पूर्व भागातल्या तळ्यांत आणि संथ ओढ्यांत तळहातावर मावेल एवढे एक गडद तपकिरी कासव राहते. धोका वाटला की ते कवचाच्या कडेखालच्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडते, म्हणून ते मस्क कासव; शास्त्रीय नाव स्टर्नोथेरस ओडोराटस. त्याची ओळख सांगताना डोक्यावरचे पिवळसर पट्टे दाखवतात. नाकाडापासून निघून एक पट्टा डोळ्याच्या वरून जातो, दुसरा खालून. खूण खरी आहे, पण तेवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. वयाबरोबर हे पट्टे फिके होतात, पाठीवर शेवाळ चढते, पिलाच्या पाठीवरचा ठळक उंचवटाही पुढे सपाट होत जातो. शिवाय फ्लॉरिडाकडच्या पट्टेदार मड कासवाच्या डोक्यावरही असेच पट्टे असतात. वासानेही निर्णय होत नाही, कारण मड कासवेही तसाच द्रव सोडतात.

भरवशाचा पुरावा पोटाकडे आहे. मड कासवाचे पोटाकडचे कवच मोठे असते. त्याला दोन बिजागऱ्या असतात आणि छातीवरचे पट्ट, म्हणजे कवचाचे तुकडे, त्रिकोणी असतात. मस्कचे कवच लहान, बिजागरी एकच आणि तीही फारशी न हलणारी, छातीचे पट्ट चौकोनी. पट्टांच्या सांध्यांतून कातडी दिसते, नरात अधिक रुंद. मस्क कासवांतही ओडोराटसच्या पोटावर 11 पट्ट भरतात. रेझरबॅक या दुसऱ्या मस्क कासवाला गळ्याखालचा चिमुकला पट्ट नसतो, म्हणून 10. ओडोराटसच्या हनुवटीवर आणि गळ्यावरही बारीक मांसल कोंब असतात. त्याच्या भाऊबंदांत ते फक्त हनुवटीवर.

कुणी म्हणेल, ठिकाण कळले की जात कळते, कासवाला उलटे करण्याचा त्रास कशाला? पण लुईझियानात ओडोराटस आणि रेझरबॅक दोन्ही आढळतात, आणि पाळलेली कासवे माणसे कुठेही सोडून देतात. हाताळणीचा आक्षेप मात्र रास्त आहे. या कासवाची मान लांब असते आणि ते चावते. म्हणून कवच मागच्या बाजूने धरावे, पोटाचा एक फोटो घ्यावा आणि लगेच पाण्यात सोडावे. एवढी तसदी घ्यावी असे मला वाटते ते अलाबामातल्या चपट्या मस्क कासवामुळे. ब्लॅक वॉरियर नदीच्या खोऱ्याबाहेर ते कुठेही नाही, आणि 1987पासून अमेरिकेच्या कायद्याने त्याला संकटग्रस्त म्हणून संरक्षण आहे. त्या राज्यात ओडोराटसही राहते. त्याची नोंद चपट्याच्या नावावर गेली, तर घटणारी जात कागदावर सुखरूप दिसू लागते.