लाल कार्ड खेळाडूला, जबाबदारी कोणाची?

बीड, प्रतिनिधी - महाविद्यालयीन फुटबॉल सामन्यात एखादा खेळाडू पंचांशी हुज्जत घालतो, त्याला लाल कार्ड मिळते आणि संघ दहा जणांवर येतो. पुढे सारा दोष त्या मुलाच्या माथी मारून विषय संपविला जातो. फुटबॉलचे नियम मात्र तेथेच थांबत नाहीत. मैदानाबाहेर उभा असलेला प्रशिक्षकही त्यांच्या कक्षेत येतो.

नियम काय सांगतात?
एकाच सामन्यात दोन पिवळी कार्डे मिळालेल्या खेळाडूस मैदान सोडावे लागते आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू उतरविता येत नाही. मारहाण, थुंकणे, शिवीगाळ यांसाठी थेट लाल कार्ड आहे. संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरल्यास सामना पुढे चालू शकत नाही. २०१९ पासून प्रशिक्षक व संघ व्यवस्थापकांनाही ही कार्डे दाखविता येतात. संघाच्या बाकावरून गैरवर्तन झाले आणि दोषी ओळखता आला नाही, तर तेथे उपस्थित असलेल्या मुख्य प्रशिक्षकालाच शिक्षा होते.

व्यावसायिक फुटबॉलमधील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरू येथील इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत सुनील छेत्रीच्या फ्री किकवरील गोल ग्राह्य धरला गेला. त्याच्या निषेधार्थ केरला ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी खेळाडूंना मैदानाबाहेर बोलाविले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला ४ कोटी रुपये दंड ठोठावला, तर प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी व ५ लाख रुपये दंड लादला. मैदान सोडले खेळाडूंनी, पण जाब विचारला गेला तो प्रशिक्षकाला.

बीडमध्ये प्रश्न गंभीर का?
जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे संघातून वगळले जाणे हे ग्रामीण विद्यार्थ्यासाठी केवळ एका सामन्याचे नुकसान ठरत नाही.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. अशा घरातील खेळाडूवर कारवाई झाली, तर त्याची बाजू मांडायला पालक जवळ नसतात. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद महाविद्यालयात बहुधा एकच असते. संघनिवड, सराव, प्रवेशिका, प्रवास आणि शिस्त ही सारी कामे त्याच एका व्यक्तीकडे येतात. आरोप करणारा, न्याय देणारा आणि शिक्षा ठोठावणारा एकच असेल, तर विद्यार्थ्याने दाद कोणाकडे मागावी?

काय करता येईल?
यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. हंगामापूर्वी नियमांची लेखी प्रत प्रत्येक खेळाडूस द्यावी. संघातून वगळण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे व कारण लेखी नोंदवावे. निर्णयाविरुद्ध प्राचार्यांकडे किंवा क्रीडा समितीकडे दाद मागण्याची सोय असावी. मैदानाला अतिरिक्त फेऱ्या, उठाबशा वा मारहाण यांना शिस्तीचे नाव देऊ नये. महिला खेळाडूंच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती आहे, हे त्यांना आधीच सांगितले जावे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने क्रीडासंकुल व स्पर्धेचे ठिकाणही 'कामाच्या ठिकाणा'च्या व्याख्येत आणले आहे.

वारंवार कार्डे मिळत असतील, तर त्याची नोंद खेळाडूबरोबरच प्रशिक्षकाच्या नावावरही व्हावयास हवी. पंचांचा निर्णय मान्य करण्याची सवय सरावातच लागते आणि सराव घेण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची असते.