कार्डाची सरासरी किंमत कशी काढतात?

अमेरिकेत बेसबॉलपटूंची जुनी कार्डं पीएसएसारख्या कंपन्या तपासतात, १ ते १० अशी श्रेणी देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. चांगली दरसूची त्याच कार्डाचे, त्याच श्रेणीतले प्रत्यक्ष झालेले व्यवहार धरते. विक्रेत्याने सांगितलेला भाव नाही.

समजा, पाच कार्डं ९५, १००, १०५, ११० आणि ५९० डॉलरना विकली गेली. सरासरी येते २००. पण त्या भावाच्या जवळपास एकही कार्ड गेलेलं नाही! मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा भाव, मात्र १०५. म्हणूनच टोकाचे आकडे बाजूला काढावे लागतात.

दुर्मीळ कार्डांचे व्यवहारच मोजके. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं ९.५ श्रेणीचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. तिथे सरासरी कशाची काढणार? दर वाचताना तो किती व्यवहारांवरून काढलाय, हे आधी पाहावं.