रात्रीचं आकाश आणि कॅमेऱ्याचे तीन आकडे
(नातेपुते येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

रात्री कॅमेरा स्टँडवर लावून आकाशाकडे वळवला, तर आकडे काय ठेवायचे, एवढाच आजचा विषय. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. बरेच जण आयएसओपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, ते शेवटी. आधी शटर, कारण ते पृथ्वीने आपल्यासाठी ठरवून ठेवलेलं आहे.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि तिच्याबरोबर आपला कॅमेराही. शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. यासाठी ५०० चा नियम सांगतात: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद. आपल्याकडे बहुतेकांचा कॅमेरा लहान सेन्सरचा असतो, त्यात मिलिमीटरला आधी दीडने गुणायचं. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स १८ वर ठेवली, तर झाले २७. म्हणजे साधारण १८ सेकंद.

पण हा नियम जरा ढिला आहे. हिशेबच करू ना. अंशाचे ३६०० भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला. २४ मेगापिक्सेलच्या अशा कॅमेऱ्यात १८ मिलिमीटरवर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा साधारण ४५ विकलांचा तुकडा येतो. मृगाच्या पट्ट्यातला तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. तीन सेकंदांत एक पिक्सेल, १८ सेकंदांत सहा! मोबाइलवर बघायला चालेल, पण मोठी प्रिंट काढली की ताऱ्यांचे तांदूळ झालेले दिसतात. म्हणून मी १० ते १२ सेकंद सांगतो. ध्रुवाकडे तारे हळू सरकतात, तिकडे थोडी सूट मिळते. इथून ध्रुव उत्तरेला जेमतेम १८ अंश वर असतो, कारण आपला अक्षांशच तेवढा आहे.

अ‍ॅपर्चरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लेन्स जेवढी उघडते तेवढी उघडा. आकडा लहान, भोक मोठं. पण एक प्रश्न हमखास येतो: ५० मिलिमीटरची १.८ वाली लेन्स घेऊ का? ३.५ च्या मानाने ती जवळजवळ चौपट उजेड घेते, हे खरं. पण ५० ला दीडने गुणलं की ७५, म्हणजे ढिल्या नियमानेही साडेसहा सेकंदच मिळतात. चौपट मिळवलं त्यातलं बरंचसं वेळेने खाल्लं, शिवाय आकाशाचा तुकडा लहान झाला. आकाशगंगेसाठी म्हणून लगेच पैसे घालू नका. घरात आहे त्या लेन्सवर आधी चार रात्री काढा.

आता आयएसओ. ते वाढवल्याने एक कणही जास्त उजेड आत येत नाही. लाउडस्पीकरचं बटण फिरवलं म्हणून वक्ता मोठ्याने बोलायला लागत नाही, आणि खरखर मात्र ऐकू येते, तसंच. ३२०० वर सुरू करा, फोटो रॉमध्ये घ्या. आणि काळोखात मागच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, काळा फोटोही तिथे छान उजळ दिसतो. हिस्टोग्राम बघा. डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला हवा, पण मध्यापर्यंत आला असेल तर आयएसओ उतरवा.

फोकस हाताने. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर जाऊ नका. व्याधासारखा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करा आणि तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवा.

कुठे आणि केव्हा? इथून पूर्वेला अकलूज, वायव्येला फलटण, आणि महामार्गाचा उजेड आहेच. त्यामानाने शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडचं आकाश काळं. ऑक्टोबरात संध्याकाळी साडेसातला आकाशगंगेचा फुगीर भाग नेमका नैऋत्येला, तीसेक अंशांवर असतो. वद्य पंचमीनंतर अमावस्येपर्यंत त्या वेळी चंद्रही नसतो. मार्चमध्ये तोच भाग पहाटे पाचला आग्नेयेला सापडेल. तेव्हा शुद्ध पक्षातले पहिले दहा दिवस धरा. चंद्राचाच फोटो हवा असेल तर हे सगळे आकडे विसरा. त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८, शटर १/२००. ३२०० वर काढाल तर पांढरी भाकरी मिळेल.

मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये गूगलने १६-१६ सेकंदांचे १५ फोटो एकमेकांवर बसवायची सोय दिली, ती याच हिशेबातून आली. प्रो मोडमध्ये १० सेकंदांचे दहा-पंधरा फोटो काढून तुम्हीही ते कॉम्प्युटरवर जोडू शकता. मोबाइल हलता कामा नये, एवढंच.

शेवटी उल्कांबद्दल, कारण १३-१४ डिसेंबरची मिथुन राशीतली उल्कावृष्टी बरेच जण टिपायला जातात. तारा त्याच पिक्सेलवर थांबून उजेड साठवतो. उल्का सेकंदाच्या आत पार होते. शटर १० सेकंद ठेवा नाहीतर २०, उल्का तेवढीच उजळ येणार, मागचं आकाश मात्र पांढरं होत जाणार. इथे मोठं भोक खरंच कामाला येतं. कोणाकडे १.८ ची लेन्स असलीच तर ती या रात्री बाहेर काढा, आणि मध्ये खंड न पाडता फोटो घेत राहा. उल्कांचा उगम रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येतो. कॅमेरा मात्र नेमका मिथुनेवर रोखू नका, थोडा बाजूला वळवा. तिथे रेघा लांब येतात.